घटस्फोट : शब्द, विधी आणि मनाचे सावरणे

१

घटस्फोटाचे मानसिक परिणाम हा विषय आपल्या विद्यापीठीय अभ्यासात आता नवा राहिलेला नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि विधिशास्त्र या तिन्ही शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थी त्यावर प्रबंधिका लिहितात, प्रश्नावल्या तयार करतात आणि चिंता, विषण्णता, निद्रानाश, एकाकीपणा यांचे गुणांक काढून निष्कर्षाला येतात. या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या अनुभवाचे मापन आपण करीत आहोत, त्याची आकृती आपण आधी नीट पाहिली आहे काय, असा प्रश्न विचारणे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे. मराठी भाषेने आणि मराठी वाङ्मयाने विवाहाच्या मोडण्याकडे कसे पाहिले, आणि मोडल्यानंतर माणूस कसा सावरतो याविषयी त्यांनी काय सांगून ठेवले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे मुख्य प्रतिपादन आरंभीच मांडतो. मराठी समाजात विवाहविच्छेदाचे प्रातिनिधिक रूप न्यायालयाच्या हुकूमनाम्यात सापडत नाही. ते सापडते ‘टाकलेली’ या एका शब्दात. नवरा आहे आणि नाही, संसार मोडला आहे आणि मोडल्याचे कोणी सांगितलेले नाही, अशी ती अवस्था होय. या अवस्थेतील दुःखाला शेवट नसतो, म्हणून त्यातून सावरण्याला आरंभही लवकर सापडत नाही. आणि आपल्या टीकेने हा सावरण्याचा काळ जवळजवळ दुर्लक्षिला आहे. घराबाहेर पडणारी स्त्री टीकेला दिसते. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतील स्त्री तिला दिसत नाही.

२

प्रथम शब्दांकडे वळू. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण केवळ विवाहविच्छेद या अर्थाने वापरतो. त्याचा मूळचा अर्थ मात्र वेगळा आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला वाळीत टाकण्याचा विधी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन येते. जो पतित झाला आणि प्रायश्चित्त घेण्यास तयार नाही, त्याला त्याचे सपिंड आप्त गावाबाहेर, अशुभ दिवशी, सायंकाळी, तो मेला आहे असे समजून उदक देतात. दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. आप्त एक अहोरात्र अशौच पाळतात. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, एकत्र बसणे, वाटणी देणे हे सर्व व्यवहार बंद होतात. जिवंत माणसाचे और्ध्वदेहिक उरकून टाकणे, असा हा प्रकार होय.

पुढील भाग अधिक लक्षणीय आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. त्या पतिताने प्रायश्चित्त घेतले, तर तेच आप्त त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करतात आणि पाण्याने भरलेला एक नवा घट त्या जलाशयात सोडतात. मग तो पुन्हा पूर्वीसारखा व्यवहारास मोकळा होतो. म्हणजे घट लवंडण्याचा विधी आहे, तसा नव्या घटाचाही आहे. आपण विवाहविच्छेदासाठी शब्द उचलला तो पहिल्या घटापुरता. दुसरा घट शब्दाबाहेर राहिला.

हा शब्द शिष्ट वर्गाचा आणि ग्रंथांतला आहे. बहुजन समाजाचे शब्द वेगळे आहेत: काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी. काडीमोडीत पंचांसमोर काडी मोडली जाते. सोडचिठ्ठीत कागद हाती पडतो. आपल्या सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते, हे येथील अभ्यासकाला मोठे साहाय्यकारक आहे. येथील विणकर समाजाच्या तेलुगूत विवाहविच्छेदाला ‘विडाकुलु’ म्हणतात. त्यातील ‘आकुलु’ म्हणजे पाने. पान वेगळे करणे आणि काडी मोडणे या दोन कल्पना किती जवळच्या आहेत, हे निराळे सांगावयास नको. दोन्हींत एक साधी, हलकी, घरात कोठेही सापडणारी वस्तू चारचौघांच्या साक्षीने मोडली जाते, आणि त्या कृतीनंतर ‘झाले’ असे म्हणता येते. त्यानंतर पाट लावण्याची वाट मोकळी असते.

या रूढींचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. जातपंचायतीपुढे स्त्रीचा शब्द हलका होता, दंड होता, मुलांचा ताबा बापाकडे जाई, आणि पाटाच्या संसाराला लग्नाच्या संसाराची प्रतिष्ठा नव्हती. तथापि मनाच्या दृष्टीने एक गोष्ट त्यांत होती. शेवट सार्वजनिक होता. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी या व्यवस्थेकडे संशयाने पाहिले. १८७६ सालच्या ‘रेग विरुद्ध संभु रघु’ या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने, विवाह मोडून स्त्रीस पुन्हा विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार मान्य केला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ अन्वये रूढीने मिळणारा विच्छेद अबाधित ठेवला खरा, परंतु तोवर शिष्टाचाराच्या अनुकरणाने अनेक जातींतील काडीमोड स्वतःहून मागे सरली होती. जी जात वर चढू पाहते ती प्रथम आपल्या स्त्रियांचा पाट बंद करते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. परिणाम असा की, ग्रंथातला घटस्फोट अद्याप हाती आलेला नाही आणि हातातली काडी सुटून गेली, अशा मधल्या जागी असंख्य स्त्रिया उभ्या राहिल्या.

३

पाश्चात्त्य मानसशास्त्रातील काही प्रसिद्ध विचार या मधल्या जागेवरून पाहण्यासारखे आहेत. होम्स आणि राहे यांनी १९६७ साली जीवनातील ४३ घटनांची तणावमापिका सिद्ध केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूस १०० गुण आहेत, घटस्फोटास ७३, आणि पतिपत्नींच्या विभक्त होण्यास ६५. ही मापिका आपल्या अनेक प्रबंधिकांत जशीच्या तशी वापरली जाते. तिच्यातील क्रमामागे एक गृहीत आहे. विभक्त होणे ही घटस्फोटाच्या अलीकडची पायरी होय, म्हणून तिचा भार थोडा कमी. जेथे विभक्त होणे ही पायरी नसून कायमचे राहण्याचे ठिकाण आहे, तेथे हा क्रम टिकेल काय? २०११ च्या जनगणनेत भारतात घटस्फोटितांची संख्या सुमारे १३.६ लाख होती आणि विभक्त राहणाऱ्यांची संख्या तिच्या जवळजवळ तिप्पट. पायरीवर उभी असलेली माणसे घरात पोहोचलेल्यांच्या तिप्पट असतील, तर ती पायरी राहत नाही.

पॉल बोहॅनन यांनी १९७० साली घटस्फोटाची सहा स्थाने सांगितली: भावनिक, कायदेशीर, आर्थिक, पालकत्वाचे, समाजातील आणि मानसिक. शेवटचे स्थान म्हणजे स्वतःला पुन्हा एकटा, स्वतंत्र माणूस म्हणून ओळखणे. हा विचार मोलाचा आहे, कारण त्यात कायदेशीर विच्छेद हे सहांपैकी केवळ एक स्थान ठरते. रॉबर्ट वाइस यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, प्रेम संपल्यावरही आसक्ती संपत नाही. ज्याच्यापासून सुटका हवी त्याच्याच वाटेकडे डोळे लागतात. पॉलिन बॉस यांनी १९९९ साली ‘अनिश्चित हानी’ ही कल्पना विस्ताराने मांडली. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही, तेव्हा शोक गोठून राहतो. आपल्या ‘टाकलेली’ या शब्दाला शास्त्राच्या भाषेत सर्वांत जवळची कल्पना हीच होय.

मात्र कल्पना जवळची असणे आणि तीच असणे यांत अंतर आहे. ते अंतर पाहण्यासाठी एका मराठी पुस्तकाकडे जावयास हवे, आणि ते पुस्तक आपल्याच जिल्ह्यातून जाते.

४

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. विनोदी, प्रांजळ, घरगुती बोलीतील आत्मचरित्र म्हणून त्यांचा गौरव झाला आणि तो यथार्थ आहे. परंतु मोडलेल्या संसाराचा आणि सावरलेल्या मनाचा दस्तऐवज म्हणून या पुस्तकाचा अभ्यास व्हावा तितका झालेला नाही. १८८० साली लक्ष्मीबाईंचा नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर सुमारे साडेचार वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. लहान दत्तू बरोबर होता. या काळातील मोठा भाग त्यांनी पंढरपुरास बहिणीच्या घरी काढला.

हा घटस्फोट नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो बरोबर आहे. आणि म्हणूनच हे उदाहरण आम्ही घेतले आहे. कायद्याच्या दृष्टीने घटस्फोट शक्य होता. धर्मांतरित ख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहविच्छेदासंबंधीचा १८६६ चा कायदा नेमका अशाच प्रसंगासाठी झालेला होता. धर्मांतरामुळे पत्नीने सहा महिने सहवास नाकारला, तर पतीला दावा लावता येई. न्यायालयाने पत्नीस समक्ष विचारावयाचे, मग एक वर्ष थांबावयाचे, पुन्हा विचारावयाचे, आणि नकार कायम असेल तर विवाह विसर्जित करावयाचा. त्यानंतर दोघांसही पुनर्विवाहाची मोकळीक होती. टिळकांनी हा मार्ग घेतला नाही. घटस्फोटाची वाट उघडी असून कोणीच तिच्यावरून गेले नाही.

या कायद्यात एक गोष्ट विलक्षण आहे. तो स्त्रीला प्रश्न विचारतो, आणि एक वर्षाने पुन्हा विचारतो. लक्ष्मीबाईंच्या भोवतीच्या माणसांनी त्यांना सांभाळले, रडू दिले, त्यांच्यावर नजर ठेवली, त्यांच्यासाठी निर्णय घेतले. तुला काय हवे, हा प्रश्न मात्र त्या घरांच्या रीतीत बसणारा नव्हता. आप्त दुष्ट नव्हते. ‘स्मृतिचित्रां’चे मोठेपण हे की, त्यात कोणीही खलपुरुष नाही. प्रेमाने वागणाऱ्या माणसांच्या मध्ये एक स्त्री अधांतरी लटकली आहे, हे दृश्य खलपुरुष असलेल्या कथेपेक्षा अधिक भयंकर असते, कारण त्यात रागावण्यासही कोणी सापडत नाही.

त्या वेळची त्यांची स्थिती शब्दांच्या भाषेत मांडून पाहावी. पती जिवंत, म्हणून कपाळी कुंकू आहे. पती धर्मांतरित, म्हणून तो जातीला मेलेला आहे. त्या सधवाही आहेत आणि नाहीतही. ‘घटस्फोट’ या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे पतिताला मृत मानणे, आणि नवा अर्थ, म्हणजे पतीपासून विभक्त होणे, हे दोन्ही एकाच स्त्रीच्या आयुष्यात येथे एकमेकांना भेटतात. बोहॅनन यांची सहा स्थाने लावून पाहिली, तर क्रम उलटा झालेला आढळतो. समाजातील विच्छेद प्रथम झाला, तोही एका दिवसात. आर्थिक आणि पालकत्वाचा विच्छेद त्यामागून ओढला गेला. कायदेशीर विच्छेद झालाच नाही. आणि भावनिक विच्छेद, ज्याला बोहॅनन यांनी आरंभी ठेवले, तो तर मुळीच घडला नव्हता. पाश्चात्त्य प्रतिमानात माणसाचे मन आधी दूर जाते आणि समाज शेवटी मान्यता देतो. येथे समाज आधी तोडतो आणि मनाला मागाहून कळविले जाते.

मग लक्ष्मीबाई सावरल्या कशा? सामान्यतः उत्तर दिले जाते की, पतीकडे परत गेल्याने. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. त्यासाठी पुस्तकाचा आरंभ आठवावा. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या घटनेनंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. धान्य, मीठ, साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात, आणि वाचकही हसतो. परंतु मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे. ज्या शोकाला वाट मिळाली नाही तो पाण्याच्या घागरींतून वाहू लागला, अशी ही कथा आहे. शोकातून सोवळे निर्माण झाले आणि त्याने एका घराचे बालपण गिळले.

आता पुस्तकाच्या मध्यावर या. १८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीजवळ गेल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. पतीचा सहवास आणि स्वतःचा धर्म या दोहोंपैकी एक निवडा, अशी सक्ती त्यांनी मान्य केली नाही. मग काही काळाने, कोणी वादात जिंकले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाशी विचार करून, जातिभेद हा माणसाने केलेला आहे अशा निर्णयास त्या आल्या आणि सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या दृष्टीने त्यांच्या सावरण्याचा क्षण तो पतिगृही पोहोचण्याचा नव्हे, सोवळे सुटण्याचा आहे. वडिलांच्या घरी जे भयातून आले, ते मुलीच्या हातून विचाराने गेले. परत जाण्याच्या कृतीत काही अंशी आसक्ती होती, निरुपाय होता, मुलाची काळजी होती. सोवळे सोडण्याच्या कृतीत केवळ त्या स्वतः होत्या.

यावरून धर्मांतर हा रोगावरील उपाय होता, असे कोणी समजू नये. लक्ष्मीबाई सोवळ्यातच राहिल्या असत्या आणि तो निर्णय त्यांचा स्वतःचा असता, तरी आमचे म्हणणे तेच राहिले असते. सावरणे म्हणजे पूर्वस्थितीला येणे नव्हे, सुखी होणेही नव्हे. आपल्या आयुष्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आपण देतो आहोत, याचा पुनःप्रत्यय येणे म्हणजे सावरणे.

पुस्तकाची शैली हाच याचा अखेरचा पुरावा होय. पंढरपूरच्या दिवसांनंतर तीन-चार दशकांनी लक्ष्मीबाई लिहितात, आणि स्वतःच्या त्या वेळच्या वेडेपणावर हसतात. हा विनोद दुःख झाकणारा आहे, असे काही वाचकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. झाकणाऱ्या विनोदाला दुःखाचे नेमके तपशील सांगवत नाहीत. लक्ष्मीबाई तपशील सांगून मग हसतात.

५

याच्या उलट बाजूचे उदाहरण डॉ. रखमाबाईंचे आहे. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्यात नांदावयास जावे, नपेक्षा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

ही आपल्याकडील स्त्रीमुक्तीची पहिली विजयकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती विजयकथा आहेच. परंतु तिच्यातील एक तपशील टीकाकारांना अडचणीचा वाटत आला आहे. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. जिने पत्नी होणे नाकारले, तिने विधवा होणे का पत्करावे? कोणी यास रूढीपुढील शरणागती म्हणतात, कोणी रुग्णसेवेतील सोय म्हणतात.

आम्ही दुसरे एक अनुमान सुचवितो. ते अनुमानच आहे हे लक्षात ठेवावे. १८८८ च्या तडजोडीने दावा संपला, विवाह संपला नाही. तो संपविण्याचे साधन हिंदू स्त्रीच्या हाती त्या वेळी नव्हते. दादाजींनी दुसरा विवाह केला. कायद्याने त्यांना तो खुला होता. रखमाबाई मात्र न नांदलेल्या संसाराची पत्नी म्हणून सोळा वर्षे राहिल्या. समाजाने त्यांच्यासाठी शेवटाचा एकच विधी शिल्लक ठेवला होता, आणि तो वैधव्याचा होता. पांढरे लुगडे हे शोकाचे चिन्ह असेल किंवा नसेल. ते विषय संपल्याचे चिन्ह असू शकेल. ज्यांना काडी मोडावयास मिळत नाही त्यांना कोणती तरी वस्तू मोडावी लागते किंवा नेसावी लागते. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी १८ मे रोजी अमलात आला होता. सत्तर वर्षांपूर्वी त्यांनी जे मागितले होते, ते त्यांच्या हयातीच्या शेवटच्या चार महिन्यांत देशभरच्या हिंदू स्त्रियांना मिळाले.

या विलंबाची मधली स्थानकेही पाहावीत. बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ ची. म्हणजे मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला पतीने सोडले तरी तिची सुटका नव्हती, अशा काळात ती लिहिली गेली. अचलेपुढील प्रश्न तेथूनच उद्भवतो. विरागशी जोडलेले नाते आणि मातृत्वाची तिची ओढ यांवरून त्या वेळी जे वादळ उठले ते नीतीच्या नावाने उठले. आज वाचताना मात्र कादंबरीचे नावच अधिक बोलके वाटते. हिंदोळा हा पुढे जात नाही आणि थांबतही नाही. अनिश्चित हानीचे याहून नेमके चित्र शास्त्रीय परिभाषेत आम्हांस सापडलेले नाही.

कायदा आल्यानंतर हिंदोळा थांबला काय? मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ (२००५) या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देते. तेथे विवाह मोडता येतो आणि मोडलेला आहे. नायिका शिकलेली आहे, स्वतःच्या पायांवर उभी आहे. तरी मनातील हिशेब मिटत नाही, आणि विवाहातील वचनाचा शब्दच कादंबरीचे नाव होऊन बसतो. वाइस यांनी आसक्तीविषयी जे म्हटले त्याचे हे मराठी प्रत्यंतर होय. या दोन कादंबऱ्यांच्या मध्ये सत्तर वर्षांचे अंतर आहे. पहिलीत कायद्याचा दरवाजा बंद आहे. दुसरीत तो उघडा आहे, आणि नायिका बाहेर येऊन मागे वळून पाहते आहे. मागे वळून पाहणे हा दुबळेपणा नव्हे, तो सावरण्याचाच एक भाग आहे, हे म्हणण्याचे धैर्य पेठे यांच्या कादंबरीत आहे.

आपल्या टीकेत मात्र ते क्वचितच दिसते. अत्र्यांच्या ‘घराबाहेर’ (१९३४) पासून, शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेल्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटापर्यंत, उंबरठा ओलांडण्याच्या क्षणाला आपण उत्कर्षबिंदू मानत आलो. ‘उंबरठा’ची नायिका अखेरीस आगगाडीत बसते आणि चित्रपट संपतो. नाट्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु टीकेनेही त्याच स्थानकावर उतरून जावे, हे योग्य नव्हे. ती गाडी पुढे कोठे पोहोचली, भाड्याची खोली कोणी दिली, पहिल्या दिवाळीला ती कोणाकडे गेली, मुलाला शाळेत काय विचारले गेले, हे प्रश्न वाङ्मयबाह्य मानले गेले. वास्तविक मनाचे आरोग्य याच प्रश्नांवर अवलंबून असते.

६

शेवटी या विवेचनाचा येथील अभ्यासाशी असलेला संबंध सांगणे अवश्य आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली. १९८४ च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांचा मार्ग मोकळा झाला. मुस्लिम समाजात तोंडी तलाकाविरुद्ध हमीद दलवाई यांनी १९६६ साली मोर्चा काढला होता. तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरविला. तिहेरी तलाकाचे दुःख टाकलेल्या स्त्रीच्या दुःखाहून आकाराने भिन्न आहे. तेथे शेवट एका श्वासात होतो आणि स्त्रीला त्यात शब्द नसतो. एकीला शेवट मिळत नाही, दुसरीवर तो लादला जातो. दोघींनाही प्रश्न विचारला जात नाही, हे मात्र समान.

सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. त्यांच्यापैकी एखादीकडे आपला विद्यार्थी प्रश्नावली घेऊन जातो. ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यात चार पर्याय असतात: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. पती बारा वर्षांपूर्वी निघून गेलेली स्त्री ‘विवाहित’ असे सांगते, आणि विद्यार्थी तसे लिहून घेतो. तिच्या निद्रानाशाचा गुणांक विवाहितांच्या सरासरीत मिसळतो. त्यानंतर कितीही काटेकोर गणित केले, तरी निष्कर्ष चुकलेलाच राहणार. ही चूक गणिताची नाही, शब्दांची आहे. आणि शब्दांची चूक दुरुस्त करणे हे मराठी विभागाचे काम आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, रकान्यात ‘विभक्त’ हा शब्द घालून समाधान मानू नये. त्या स्त्रीला तिची स्थिती तिच्या शब्दांत सांगू द्यावी. ती ‘सोडलंय’ म्हणते की ‘सोडून आले’ म्हणते, ‘टाकली’ म्हणते की ‘राहते मी माझी’ म्हणते, यांत सावरण्याचा जो पल्ला दिसेल तो कोणत्याही मापिकेत दिसणार नाही. क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहावे. ‘टाकली’ पासून ‘राहते’ पर्यंत व्याकरणाचे जे अंतर आहे, तेच मनाचे अंतर आहे. दुसरी सूचना टीकेच्या अभ्यासकांना. उंबरठ्यापलीकडच्या पानांचा शोध घ्यावा. ती पाने बहुधा कादंबऱ्यांत कमी आणि आत्मचरित्रांत, पत्रांत, संस्थांच्या अहवालांत अधिक सापडतील.

लवंडलेल्या घटाचा शब्द आपल्या भाषेत रुळला आहे. जलाशयात सोडावयाच्या नव्या घटासाठी अद्याप आपल्याजवळ शब्द नाही. मनूने तो घट प्रायश्चित्त घेतलेल्या पतितासाठी, आणि आप्तांच्या हातून, सांगितला होता. आजच्या स्त्रीने कसलेही प्रायश्चित्त घ्यावयाचे नाही. तो घट तिने स्वतः भरून घ्यावयाचा आहे. तसा तो भरून घेतलेल्या स्त्रिया आपल्या आसपास आहेत. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले, तर शब्दही सापडेल.